गरम झाली की बंद पडते: जुन्या सी-१० पिकअपमध्ये ५.३ इंजिन बसवल्यावरचा नेहमीचा आजार

जुन्या शेवरोले सी-१० मध्ये नवं इंजिन घातलेल्या माणसाची तक्रार ऐकायला बसलं की वाक्यंसुद्धा ठरलेली असतात. थंड असताना गाडी एक नंबर चालते. हायवेला मस्त ओढते. गावात शिरलो, दोन-तीन सिग्नल लागले, की एक झटका खाते आणि बंद. मग सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते.

पुढचा भागही ठरलेला असतो. गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे इंजिनाचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सर गेला, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. सेन्सर बदलतात, चार दिवस बरे जातात. मग फ्युएल पंप बदलतात, मग कॉइल, शेवटी पीसीएम, म्हणजे इंजिनाचा मेंदू. प्रत्येक भाग नवा झालेला असतो आणि गाडी त्याच सिग्नलला बंद पडत असते. इतक्या हौसेनं उभी केलेली पिकअप मग ताडपत्रीखाली जाते किंवा मिळेल त्या भावाला विकली जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये एकही भाग खराब नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा आजार बऱ्याचदा उष्णतेचा नसतोच. इंजिन गरम झाल्यावर जे सुरू होतं, त्याचा असतो. ते म्हणजे रेडिएटरचे विजेचे पंखे. पंखे लागले की गाडीच्या जुन्या वायरिंगवर एकदम मोठा भार येतो, त्यात फ्युएल पंपाचं व्होल्टेज खाली जातं आणि इंजिन उपाशी मरतं. गाडी थंड झाली की पंखे थांबतात आणि सगळं सुरळीत होतं. आपण मात्र उष्णतेच्या मागे लागून सेन्सर बदलत बसतो.

कोणती गाडी, कोणतं इंजिन

मी इथे १९६७ ते १९७२ या काळातल्या सी-१० बद्दल लिहितोय. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी जे या छंदात पडतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हीच पिढी दिसते. मूळ इंजिन २५० घनइंची सहा सिलिंडरचं, नाहीतर ३०७ किंवा ३५० चं व्ही-८. कार्ब्युरेटर, आणि ठिणगीसाठी पॉइंट, कंडेन्सर. त्याच्या जागी येतं ते १९९९ ते २००७ दरम्यानच्या सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन वगैरेंमधलं ५.३ लिटरचं व्होर्टेक, ज्याला सगळे एलएम-७ म्हणतात. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, स्क्रॅपयार्डात मुबलक मिळतो, आणि फाउंडेशनसाठी, म्हणजे इंजिनाच्या बैठकीसाठी, तयार अ‍ॅडॅप्टर प्लेट मिळतात. सोबत ४एल-६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. जुन्या तीन गिअरवाल्या ३५० टर्बो गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर, नव्हता. याचा चौथा गिअर ०.७० चा, त्यामुळे हायवेला इंजिन शांत राहतं. जोडी खरोखर चांगली आहे, आणि लोक ती निवडतात ते योग्यच करतात.

अडचण आहे ती जुन्या आणि नव्याच्या सांध्यात. १९७१ च्या सी-१० मध्ये विजेवर काय चालायचं? दिवे, वायपर, हीटरचा पंखा, कॉइल. पेट्रोलचा पंप इंजिनावरच, कॅमच्या धक्क्यावर चालणारा. रेडिएटरचा पंखा पट्ट्यावर. त्या हिशेबाने बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनाला, एक बारीक पिगटेल बॉडीला, आणि इंजिनापासून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) विणलेली एक चपटी पट्टी, एवढं अर्थिंग पुरेसं होतं. आता त्याच अर्थिंगवर आपण दोन मोठे पंखे, सतत चालणारा फ्युएल पंप, आठ कॉइल, आठ इंजेक्टर आणि गिअरबॉक्सचे सोलेनॉइड (विजेवरचे व्हॉल्व्ह) टाकतो. त्यातून गाडी नव्याने रंगवताना ती विणलेली पट्टी काढलेली असते आणि परत लावायची राहून गेलेली असते. फ्रेम पावडर कोट करून आणलेली असते. पावडर कोट दिसायला सुंदर, पण वीज त्यातून अजिबात जात नाही.

करंट परत कुठे जातो

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण पुढचं सगळं मोजमाप यावर आहे. बहुतेक लोक अर्थिंग तपासतात म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह टर्मिनल घट्ट आहे की नाही ते बघतात. पण इंजिन चालू असताना वीज बॅटरीतून येत नाही, अल्टरनेटरमधून येते. आणि अल्टरनेटरचा निगेटिव्ह म्हणजे त्याची बॉडी, जी इंजिनाला बोल्टने घट्ट बसवलेली आहे. म्हणजे पंख्याने घेतलेला करंट रेडिएटर सपोर्टवरून परत निघाला की त्याला शेवटी इंजिनावरच पोचायचं असतं. फ्युएल पंपाचा करंट फ्रेमवरून निघतो, त्यालाही इंजिनावरच पोचायचं असतं. इंजिन तर रबरी फाउंडेशनवर बसलंय. केबिनही रबरी बुशवर. त्यामुळे बॉडी, फ्रेम आणि इंजिन यांच्यामध्ये तुम्ही जी केबल टाकाल तेवढीच वाट. जत्रेला गावोगावच्या बैलगाड्या जमल्या आणि परतीला एकच पाऊलवाट असली तर जे होईल, तेच इथे होतं.

पंखे आणि पंप या दोघांचा परतीचा रस्ता एकच असला, की पंख्यांच्या करंटमुळे त्या रस्त्यावर जे व्होल्टेज सांडतं ते पंपालाही कमी मिळतं. पंपाचा स्वतःचा करंट आठ-दहा अँपिअर असेल. दोन पंखे पूर्ण वेगात ४० अँपिअरच्या आसपास घेतात, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून बरंच जास्त. परतीच्या रस्त्यात फक्त ०.०४ ओहमचा अडथळा असला तरी ४० अँपिअरला १.६ व्होल्ट गेले.

म्हणूनच अर्थिंग कधीही ओहममध्ये मोजू नका. मल्टीमीटरच्या लीडचाच रोध ०.०४ ओहमपेक्षा जास्त असतो. मीटर शून्याच्या जवळचा आकडा दाखवतो, आपण अर्थिंग ठीक आहे म्हणतो, आणि तिथेच फसतो. बारा तारांपैकी एकच तार शाबूत असलेली केबलही ओहममध्ये पास होते. भार चालू असताना व्होल्ट मोजायचे, दुसरा मार्ग नाही.

आधी थंड गाडीवर ही एक चाचणी करा

कुठलाही भाग विकत घेण्याआधी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर हे करून बघा. इंजिन सुरू करा, आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न देता, स्थिर होऊ द्या. आता पंखे मुद्दाम चालू करा. पंखे पीसीएमच्या ताब्यात असतील तर स्कॅनरमधून (पीसीएमशी बोलणाऱ्या यंत्रातून) हुकूम देता येतो. तसा स्कॅनर नसेल तर पंख्यांच्या रिलेची कंट्रोल वायर अर्थला टेकवा; पीसीएम हे रिले निगेटिव्ह बाजूनेच चालवतो, त्यामुळे नुकसान होत नाही. वेगळा थर्मोस्टॅट स्विच बसवला असेल तर त्याची वायर तशीच जोडून द्या, पण आधी त्याची आकृती बघून घ्या, कारण काही स्विच पॉझिटिव्ह बाजूला असतात. दोन्ही पंखे, हेडलाइट, हीटरचा पंखा, सगळं एकदम चालू करा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा.

इंजिन थंड असूनही आयडल डगमगला, झटके खाल्ले किंवा बंद पडलं, तर उष्णतेचा विषय तिथेच संपला. सेन्सर बदलू नका. तुमचा आजार वायरिंगमध्ये आहे.

इंजिन ढिम्म हललं नाही, तरी वायरिंगला लगेच निर्दोष समजू नका. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनाजवळची केबल ६० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो. त्यात गरम अल्टरनेटर आयडलला थंडपेक्षा कमी करंट देतो. तेव्हा हीच चाचणी गरम गाडीवरही करायची, फक्त आता हातात मीटर घेऊन.

मोजमाप

मीटर डीसी व्होल्टवर, कमी रेंजवर. काळी लीड अल्टरनेटरच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी, टोक जरा दाबून. लाल लीड एकेका ठिकाणी टेकवत जायची, सगळा भार चालू ठेवून.

आधी बॅटरीचा निगेटिव्ह पोल, म्हणजे वरचा शिशाचा खुंट, केबलचा क्लॅम्प नव्हे. मग फायरवॉलचा बोल्ट. मग रेडिएटर सपोर्टवर जिथे पंख्यांची काळी वायर जोडलीय तो बोल्ट. मग फ्रेम. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्युएल पंपाच्या प्लगमधली काळी वायर. पंपाच्या टर्मिनलपर्यंत लीड पुरत नाही, म्हणून एक लांब वायर वाढवून घ्या. मीटरमधून नगण्य करंट जातो, त्यामुळे लांब वायरने आकडा बिघडत नाही.

चांगल्या गाडीत हे आकडे ०.१ व्होल्टच्या आत असतात. ०.२ झाले की मी ती जागा उघडून बघतो. ०.५ च्या पुढे गेले तर गाडी बंद पडण्याचं कारण शोधायला आणखी कुठे जायची गरज नसते.

ह्यूस्टनजवळच्या एका मित्राच्या १९७१ च्या सी-१० वर मिळालेले आकडे देतो, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. इंजिन २००४ च्या सिल्व्हराडोचं. अल्टरनेटरवर गरम आयडलला १३.२ व्होल्ट. पंखे बंद असताना पंपाच्या काळ्या वायरवर ०.३. पंखे लागले आणि मीटर सरळ १.६ वर गेला. पॉझिटिव्ह बाजूला, अल्टरनेटरच्या मोठ्या खुंटापासून पंपाच्या लाल वायरपर्यंत आणखी ०.९ जात होते, कारण पंपाच्या रिलेला वीज जुन्या फ्यूज बॉक्समधून बारीक वायरने दिलेली. म्हणजे पंपाच्या हाती उरले १०.७. आणि त्याच क्षणी काचेवर चिकटवलेला पेट्रोलच्या दाबाचा गेज ५८ पीएसआयवरून घसरायला लागला होता.

दोष सापडला तो इंजिन आणि फ्रेममधल्या केबलमध्ये. वरून केबल नवीकोरी दिसत होती, लाल-काळ्या हीटश्रिंकसह. लग, म्हणजे केबलच्या टोकाचं कडं, वाकवून पाहिला तर आत हातोडीने चेपलेला, आणि इन्सुलेशन दोन इंच सोललं तेव्हा तारा तांब्याच्या ऐवजी हिरवट-काळ्या, बोटाने चुरडल्या की भुगा. फ्रेमच्या बाजूचा बोल्ट पावडर कोटवर बसलेला; वीज जात होती ती फक्त बोल्टच्या आट्यांतून. नवा पंप, नवा क्रँक सेन्सर आणि नव्या कॉइल बसवूनही ही केबल कुणी हातात घेतली नव्हती.

या गाडीत पंखे वेगळ्या थर्मोस्टॅट स्विचवर होते, किल्लीशी संबंध नसलेले. म्हणून बंद पडल्यावर सेल्फ मारताना पंखे फिरतच असायचे, आणि सेल्फ, पंखे, पंप तिघंही एकाच खराब केबलवर भांडायचे. अर्ध्या तासाने स्विच पंखे बंद करायचा आणि गाडी लगेच पकडायची. गरम असताना सुरू होत नाही, याचा अर्थ तिथे एवढाच होता. पंखे पीसीएमकडे दिले तर ही अडचण कमी होते, कारण इंजिन चालू नसताना पीसीएम सहसा पंखे चालवत नाही. त्यासाठी पीसीएमच्या प्रोग्रॅममध्ये पंखे चालवायची सोय सुरू करून घ्यावी लागते. मी प्रत्येकाला हेच सुचवतो.

दुरुस्ती कशी करायची

इंजिन ब्लॉकपासून फ्रेमपर्यंत एक केबल, ३५ चौरस मिलीमीटरच्या आसपास. बॅटरी निगेटिव्हपासून थेट इंजिन ब्लॉकपर्यंत तेवढीच किंवा त्याहून जाड. बॅटरी हौद्यात किंवा सीटमागे हलवली असेल तर फ्रेमच्या भरवशावर राहू नका, परतीची केबल इंजिनापर्यंत आणा. सिलिंडर हेडच्या मागून फायरवॉलला एक विणलेली पट्टी, मूळ गाडीत होती तशीच. पंख्यांची काळी वायर रेडिएटर सपोर्टच्या पत्र्याला न देता थेट ब्लॉकला किंवा बॅटरी निगेटिव्हला. आणि पंपाची काळी वायर, पाच-सहा चौरस मिलीमीटरची, स्वतंत्रपणे इंजिनापर्यंत. ही शेवटची वायर लोकांना जास्तीची वाटते. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा तीच देते, कारण त्यामुळे पंपाचा आणि पंख्यांचा रस्ता वेगळा होतो.

जोडाची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. लगच्या खाली दातेरी वॉशर टाका. बोल्ट घट्ट केल्यानंतर वरून ग्रीस किंवा रंग लावा, आधी नाही. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या; असं क्रिंपर भाड्याने मिळतं. हातोडीने चेपलेला लग आज घट्ट वाटतो आणि दोन पावसाळ्यांत आतून काळा पडतो.

पॉझिटिव्ह बाजूही तितकीच महत्त्वाची. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जुनी चार्जिंग वायर तशीच ठेवणं हा मोठा घोळ आहे. मूळ अल्टरनेटर बहुतेक वेळा आताच्या अर्ध्यासुद्धा ताकदीचा नसायचा. नव्या १०५ किंवा १४५ अँपिअरच्या अल्टरनेटरला किमान २१ चौरस मिलीमीटरची केबल हवी, मेगा फ्यूजसह. पंप आणि पंखे यांच्या रिलेला वीज बॅटरीजवळच्या जंक्शनवरून द्या, जुन्या फ्यूज बॉक्समधून नको. तो फ्यूज बॉक्स दिवे आणि हॉर्नसाठी आहे, त्याला तेवढंच काम करू द्या.

गिअरबॉक्स काय सांगतो

बंद पडताना गिअरबॉक्सने धाडकन धक्का दिला का, हा प्रश्न मी नेहमी विचारतो. ४एल-६०ई मध्ये दोन शिफ्ट सोलेनॉइड असतात. दोन्ही बंद म्हणजे तिसरा गिअर. त्यामुळे गिअरबॉक्सची वीज गेली की तो चालत्या गाडीत तिसऱ्याला जातो, आणि तेलाचा दाब जास्तीत जास्त होतो म्हणून धक्का जोराचा बसतो. पेट्रोल कमी पडून बंद पडणारी गाडी अशी वागत नाही. ती आधी ओढायची थांबते, खोकते, मग मरते. धक्का आला आणि डॅशबोर्डवरचे काटे पडले, तर पंप सोडून द्या. पीसीएमची किंवा गिअरबॉक्सची गुलाबी वायर, म्हणजे किल्लीवरची वीज, मध्येच तुटतेय. स्कॅनरवर पी०७५३, पी०७५८ आणि पी१८६० हे तिन्ही कोड एकत्र आले तर जवळजवळ खात्रीच समजा. तीन सोलेनॉइड एका दिवशी मरत नाहीत. तिघांना वीज देणारी एक वायर मरते. ती वायर गिअरबॉक्सच्या गोल प्लगमध्ये ई या पिनवर असते.

इथे जुन्या गाडीचा एक छुपा सापळा आहे. पीसीएमला किल्लीवरची वीज द्यायला अनेक जण मूळ कॉइलची वायर वापरतात. किल्ली दिली की तिच्यात बारा व्होल्ट दिसतात, त्यामुळे योग्यच वाटते. पण पॉइंट जळू नयेत म्हणून कारखान्यातच तिथे रोधाची वायर टाकलेली आहे. सुती कापडाचं वेष्टण असलेली, हाताला जरा कडक लागणारी. तिचा रोध दीड ओहमच्या आसपास. मीटरने मोजलं की बारा दाखवते, कारण मीटर करंट घेत नाही. पाच अँपिअर ओढले की साडेसात व्होल्ट त्या वायरमध्येच संपतात. तिच्यावर फक्त रिलेची कॉइल चालवली तर थंड असताना निभावतं, आणि डॅशबोर्डमागे गरम झालं की रिले सुटायला लागतो. शिवाय सेल्फ मारताना जुन्या कॉइलला वीज स्टार्टर सोलेनॉइडवरच्या वेगळ्या खुंटावरून मिळायची, त्यामुळे किल्लीच्या काही वायर नेमक्या सेल्फच्या वेळी मेलेल्या असतात. गुलाबी वायरसाठी अशी जागा शोधा जिथे किल्ली चालू आणि सेल्फ या दोन्ही स्थितींत वीज असते, तिच्यावर एक हेडलाइटचा बल्ब लावून बघा, आणि बल्ब दोन्ही वेळा पूर्ण उजळला तरच ती घ्या. बल्ब हाच खरा साक्षीदार. आणि तिच्यावरही थेट पीसीएम न टाकता रिले चालवा.

पीसीएमच्या काळ्या वायरी कुठे जोडल्यात तेही बघा. मूळ सिल्व्हराडोत त्या सिलिंडर हेडच्या मागे बोल्टला असतात. वायरिंग लहान करून विकत घेतलं असेल तर बऱ्याचदा त्या सोयीसाठी फायरवॉलवर टेकवलेल्या असतात. तिथून काढा, हेडवर न्या. पीसीएम आणि कॉइल यांचा अर्थ इंजिनावरच असला पाहिजे.

व्होल्टेज चांगलं आहे, तरी बंद पडते

मग पेट्रोलच्या दाबाकडे बघा. या इंजिनाला ५८ पीएसआय लागतो. गेजची होज लांब घ्या, गेज बाहेरून काचेवर वायपरखाली अडकवा, आणि गाडी चालवून बघा. गेज केबिनच्या आत कधीही आणू नका. होज सुटली तर पेट्रोल अंगावर येतं. या पिढीत टाकी मुळात सीटच्या मागे केबिनमध्येच असते, त्यामुळे आधीच काळजी घ्यायला हवी. टाकी मागे हौद्याखाली हलवणं मला केव्हाही पसंत.

पंपाला १३ व्होल्ट मिळतायत, दाब तरी पडतोय, आणि पंप गुरगुरल्यासारखा आवाज करतोय, तर पेट्रोल पंपाच्या तोंडाशीच उकळतंय. बाहेरचा पंप टाकीपेक्षा वर किंवा दूर बसवला असेल तर हे होतंच, कारण हे पंप ढकलायला चांगले, ओढायला वाईट. अमेरिकेत मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असतं, तेही लवकर वाफ धरतं. २००४ पासूनच्या इंजिनाच्या रेलला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, परतीची नळी नसते. तिथे सी-५ कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर टाकीजवळ बसवला की दाब ५८ वर राहतो आणि गरम पेट्रोल इंजिनापर्यंत फेऱ्या मारत नाही. पण खरा उपाय टाकीच्या आतला पंप. पेट्रोलमध्ये बुडालेला पंप थंड राहतो आणि त्याला ओढावं लागत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

दाबही ५८ वर स्थिर आहे, व्होल्टेजही आहे, तरी सेल्फ फिरून इंजिन पकडत नाही, तेव्हा आता क्रँक सेन्सरचं नाव घ्या. स्कॅनर लावून सेल्फ मारा आणि आरपीएम बघा. सेल्फ फिरताना दीड-दोनशेच्या आसपास आकडा आला पाहिजे. शून्यच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर. तो ब्लॉकच्या उजव्या बाजूला, स्टार्टरच्या मागे असतो, आणि हेडर (वेगळ्या एक्झॉस्ट नळ्या) बसवलेल्या गाडीत एक्झॉस्टची नळी त्याच्या अगदी जवळून जाते. वायरचं वेष्टण नळीला टेकून वितळलंय का ते आधी बघा. सेन्सर घेताना रंग जुळवा: सुरुवातीच्या इंजिनांना २४ दात्यांच्या चाकाचा काळा, नंतरच्यांना ५८ चा करडा. बदलल्यावर स्कॅनरने क्रँकचं पुनर्शिक्षण, म्हणजे पीसीएमला नव्या सेन्सरची ओळख, करून घ्या, नाहीतर मिसफायर मोजण्यात पीसीएम गोंधळतो.

खरोखरचं ओव्हरहीट हा वेगळा विषय आहे. स्कॅनरवर पाण्याचं तापमान १०५ सेल्सिअसच्या पुढे चढत राहत असेल तर आधी हीटरच्या दोन नळ्या बघा. हीटर काढून टाकला असेल तर त्या बुचाने बंद करायच्या नसतात, एकमेकींना जोडायच्या असतात. आणि हेडच्या वाफेच्या नळीला रेडिएटरपर्यंत वाट द्यायची.

कोल्हापूर-नाशिककडे जुन्या महिंद्रा जीप आणि पिकअपमध्ये कॉमन रेल डिझेल इंजिन बसवणाऱ्यांनाही अर्थिंगचा हा सगळा भाग जसाच्या तसा लागू पडतो. तिथे पंपाची गोष्ट निराळी, पण ईसीयू, म्हणजे तिथला इंजिनाचा मेंदू, अर्थसाठी इंजिनावरच अवलंबून, आणि फाउंडेशनचं रबर तिथेही वीज अडवतंच. काम हाती घेण्याआधी आरटीओची परवानगी मात्र घ्या, कारण नोंदणी पुस्तकात इंजिनाचा नंबर लिहिलेला असतो.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तीच चाचणी: गाडी पूर्ण गरम, आयडल, दोन्ही पंखे, दिवे, हीटर चालू. पंपाच्या प्लगवर लाल आणि काळ्या वायरमध्ये थेट मोजा. अल्टरनेटरवरच्या आकड्यापेक्षा अर्धा व्होल्टहून जास्त कमी असता कामा नये. ह्यूस्टनच्या गाडीत आता अल्टरनेटरला १३.४ आणि पंपाला १३.१ मिळतात, पंखे लागले की गेजचा काटा क्षणभर थरथरतो आणि ५८ वरच राहतो. हे आकडे कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, विशेषतः तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकत असतील तर.